गौरवाची वाट

(खेळाडू मैदानावर घाम गाळतो आणि देश पुरस्कार देऊन त्याला दाद देतो. मात्र ही दाद दर वेळी योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी पोहोचतेच असे नाही. आपल्या देशातील राष्ट्रीय क्रीडापुरस्कार कसे सुरू झाले, त्यांतून कोण राहून गेले आणि ती चूक कशी सुधारली गेली, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी बक्षीस समारंभ होतो. वर्षभरात उत्तम खेळलेल्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते. टाळ्यांच्या गजरात तो व्यासपीठावर जातो, पाहुण्यांच्या हातून ढाल स्वीकारतो. त्याचे नाव मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरील फलकावर रंगवले जाते. त्याच वेळी मागच्या रांगेत बसलेला एखादा मुलगा मनात म्हणत असतो, 'मीही तेवढाच धावलो होतो. माझे नाव का नाही?'

हा प्रश्न केवळ शाळेतला नाही. देशाच्या पातळीवर जे क्रीडापुरस्कार दिले जातात, त्यांच्याबाबतही तो अनेकदा विचारला गेला आहे. म्हणूनच या पुरस्कारांचा इतिहास मोठा मनोरंजक आणि विचार करायला लावणारा आहे.

महाभारतातील अर्जुनाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा पाहणारा तो एकाग्र धनुर्धर. भारत सरकारने १९६१ साली उत्कृष्ट खेळाडूंसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याला अर्जुनाचेच नाव दिले. पुरस्कार म्हणून खेळाडूला अर्जुनाची छोटी मूर्ती आणि मानपत्र मिळते, सोबत रोख रक्कमही दिली जाते.

पहिल्याच वर्षी निरनिराळ्या खेळांतील नामवंतांना हा मान मिळाला. त्यांत बुद्धिबळातील मॅन्युएल ॲरन होते, फुटबॉलमधील पी. के. बॅनर्जी होते, टेनिसमधील रामनाथन कृष्णन होते, क्रिकेटमधील सलीम दुराणी होते. महिला हॉकीपटू ॲन लम्सडेन यांचाही त्यांत समावेश होता. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक नावही त्या यादीत होते. ते म्हणजे सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर. १९५६ साली मलेशियात स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले होते. बॅडमिंटनमधील पहिला अर्जुन पुरस्कार त्यांनाच मिळाला.

शिष्याचा गौरव झाला; पण गुरूचे काय? ही उणीव १९८५ साली भरून निघाली. उत्तम प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पी. टी. उषा हिला घडवणारे ओ. एम. नांबियार, कुस्तीचे भालचंद्र भागवत आणि मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज हे त्याचे पहिले मानकरी. पुढे १९९० साली सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर यांनाही हा पुरस्कार मिळाला. आपल्या राज्यानेही याआधीच पाऊल उचलले होते. १९६९-७० पासून महाराष्ट्र शासन राज्यातील गुणी खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कार देत आले आहे.

अर्जुन पुरस्कार एका वर्षी अनेक खेळाडूंना मिळतो. मग सगळ्या खेळांमधून निवडलेला, त्या काळातील सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण? त्याच्यासाठी १९९१-९२ साली एक नवा आणि सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला. तो म्हणजे खेलरत्न. त्याला प्रथम राजीव गांधी यांचे नाव देण्यात आले होते. पहिला खेलरत्न बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांना मिळाला. वेटलिफ्टिंगमधील कर्णम मल्लेश्वरी हा मान मिळवणारी पहिली महिला ठरली. १९९७-९८ साठी सचिन तेंडुलकर, १९९९-२००० साठी धनराज पिल्ले आणि २००२ साठी नेमबाज अंजली भागवत अशी महाराष्ट्रातील नावे या यादीत झळकली. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेले धनराज लहानपणी इतरांनी टाकून दिलेल्या, मोडक्या हॉकी स्टिकने खेळत असत. तोच मुलगा पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत देशासाठी खेळला.

येथवरचा इतिहास वाचून तुम्हांला वाटेल, की सारे कसे छान जमून आले. पण महाभारतात अर्जुनाबरोबर एकलव्यही आहे, हे विसरून चालणार नाही. तोही श्रेष्ठ धनुर्धर होता. तो रानात एकटा सराव करीत होता, इतकेच. पुरस्कारांच्या इतिहासातही असे एकलव्य आहेत.

त्यांतील पहिले नाव खाशाबा जाधव यांचे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे त्यांचे गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत सहावे स्थान मिळवले. पुढच्या ऑलिंपिकची वेळ आली, तेव्हा फिनलंडमधील हेलसिंकी शहरापर्यंत जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी यथाशक्ती मदत केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी त्या विश्वासाचे चीज केले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली, यावरून त्याचे मोल ध्यानात येईल.

खाशाबा परतले, तेव्हा कराड स्थानकावरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपला पुरस्कार लगेच दिला होता. देशाचा पुरस्कार मात्र मिळाला नाही. १९५२ साली अर्जुन पुरस्कार अस्तित्वातच नव्हता, आणि १९६१ साली तो सुरू झाला, तेव्हा नजीकच्या काळातील कामगिरी पाहिली जाऊ लागली. जुनी पदके मागे राहून गेली. खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हेलसिंकीच्या पदकाला जवळजवळ अर्धे शतक लोटल्यानंतर त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. पण तो मरणोत्तर. ती मूर्ती हातात घ्यायला खाशाबा नव्हते.

असा उशीर फक्त आपल्याच देशात झाला, असे समजू नका. अमेरिकेत १९३० पासून हौशी खेळाडूंसाठी सलिव्हन पुरस्कार दिला जातो. वर्षातील श्रेष्ठ खेळाडू निवडण्याची ती तेथील जुनी पद्धत आहे. पहिला पुरस्कार गोल्फपटू बॉबी जोन्स याला मिळाला. १९३५ साली जेसी ओवेन्स या तरुण धावपटूने एका दुपारी, अवघ्या पाऊण तासात, तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या वर्षी पुरस्कार मिळाला लॉसन लिटल या गोल्फपटूला. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली. तरीही १९३६ चा पुरस्कार ग्लेन मॉरिस या दुसऱ्या खेळाडूकडे गेला. मॉरिसही बर्लिनचा सुवर्णपदक विजेता होता, हे खरे. पण ओवेन्स कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पदोपदी भेदभाव सोसावा लागत असे, हेही तितकेच खरे. कृष्णवर्णीय खेळाडूला हा पुरस्कार प्रथम मिळाला तो १९५४ साली, माल व्हिटफील्ड याला. ओवेन्सच्या वाट्याला तो कधीच आला नाही.

याच बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले ध्यानचंदही खेळत होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. ऑगस्ट २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्काराला मेजर ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो.

उशिरा आलेला सन्मान सर्वांनीच गोड मानून घेतला असे नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ज्यांचे पदक थोडक्यात हुकले, त्या धावपटू मिल्खासिंग यांना २००१ साली अर्जुन पुरस्कार देऊ करण्यात आला. तोवर त्यांची कारकीर्द संपून चाळीस वर्षे होत आली होती. त्यांनी तो नाकारला. त्यांच्या नकारामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. तरुण खेळाडूंची आजची कामगिरी आणि ज्येष्ठांची आयुष्यभराची सेवा या दोन्ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत. २००२ पासून ज्येष्ठ खेळाडूंसाठी ध्यानचंद यांच्या नावाने वेगळा जीवनगौरव पुरस्कार दिला जाऊ लागला. पुढे त्याची जागा अर्जुन जीवनगौरव पुरस्काराने घेतली.

या जीवनगौरवाच्या यादीत एक नाव आहे मुरलीकांत पेटकर यांचे. ते सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे. ते सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि कमरेखाली अधू झाले. अशा वेळी एखादा खचून गेला असता. पेटकर पोहायला शिकले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक पटकावले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होते.

पण त्या काळी अपंग खेळाडूंच्या पराक्रमाकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. वृत्तपत्रांत चार ओळी, आणि मग विस्मरण. हळूहळू समाजाची दृष्टी बदलली. २०१७ साली भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया हे खेलरत्न मिळवणारे पहिले पॅरा-खेळाडू ठरले. पेटकरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी अर्जुन जीवनगौरव पुरस्कार स्वीकारला. सुवर्णपदकानंतर ५२ वर्षे लोटली होती.

त्याच समारंभात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवले होते. महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकण्याची खाशाबांनंतरची ती पहिलीच वेळ. आटपाडी तालुक्यातील करगणीचे गोळाफेकपटू सचिन खिलारी हे पॅरिस पॅरालिंपिकमधील रौप्यपदक विजेते. त्यांचाही त्याच दिवशी गौरव झाला. त्या वर्षीच्या ३२ अर्जुन पुरस्कारांपैकी १७ पॅरा-खेळाडूंना मिळाले. पेटकरांनी ज्यासाठी ५२ वर्षे वाट पाहिली, ते या तरुणांना अवघ्या काही महिन्यांत लाभले. पुरस्काराच्या इतिहासात झालेली सुधारणा म्हणतात ती हीच.

पुरस्कारांचा आणखी एक उपयोग आहे. काही खेळांना प्रेक्षक भरभरून लाभतात, काहींना मुळीच लाभत नाहीत. क्रिकेटपटूचे नाव घरोघरी पोहोचते. पण नौकानयनाचे काय? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्ट विंडसर नावाचे गाव आहे. आज तेथे अनेक भारतीय कुटुंबे राहतात. गावाच्या हद्दीत मर्सर नावाचा तलाव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नौकानयन संघातील खेळाडूंनी अनेक वर्षे या तलावात सराव केला. पाण्यावर नाव वेगाने पुढे जाते, पाठीमागे लाटांची एक रेघ उमटते आणि थोड्या वेळात तीही पुसली जाते. सरावाच्या वेळी टाळ्या वाजवायला काठावर कुणी नसते. नौकानयनपटूची ही अवस्था सगळ्या देशांत सारखीच.

आपल्याकडेही असेच घडले. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे पाण्याची टंचाई सोसणारे गाव. दत्तू भोकनळ हा तेथला मुलगा. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात, दत्तूही त्यांना हातभार लावी. २०१२ साली तो सैन्यात दाखल झाला. तेथे त्याच्या हाती प्रथमच वल्हे आले. आरंभी त्याला पाण्याची भीती वाटे. तरी चारच वर्षांत, २०१६ साली, तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवण्याच्या शर्यतीत उतरला आणि तेराव्या स्थानी आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन साथीदारांसह सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी धाराशिव जिल्ह्यातील खो-खोपटू सारिका काळे हिचेही नाव यादीत आले. खो-खोला वीस वर्षांहून अधिक काळानंतर हा मान मिळाला होता. मोकळ्या मैदानात, मातीत खेळल्या जाणाऱ्या या खेळाकडे त्यामुळे पुन्हा सर्वांचे लक्ष वळले.

या पुरस्कारांची निवड कशी होते, ते आता पाहू. पूर्वी क्रीडा संघटना आणि राज्य सरकारे खेळाडूंची नावे सुचवीत. ज्याच्या पाठीशी संघटना खंबीरपणे उभी नाही, त्याचे नाव दिल्लीपर्यंत पोहोचणे कठीण होते. अलीकडे खेळाडूला स्वतःही अर्ज करता येतो. खेलरत्नासाठी सुरुवातीला एका वर्षाची कामगिरी पाहत असत; आता चार वर्षांची कामगिरी पाहतात. ऑलिंपिक, पॅरालिंपिक, आशियाई स्पर्धा अशा मोठ्या स्पर्धांतील पदकांना गुण दिले जातात. अर्जुन पुरस्कारासाठी खेळाडूची शिस्त, खिलाडूवृत्ती आणि नेतृत्व हेही निकष आहेत. उत्तेजक द्रव्ये घेतल्याबद्दल बंदी भोगत असलेल्याचा विचार केला जात नाही. जाणकारांची समिती अर्ज तपासते आणि शिफारस करते. २०२० पासून खेलरत्नासाठी २५ लाख आणि अर्जुन पुरस्कारासाठी १५ लाख रुपये दिले जातात.

इतके नियम असूनही दरवर्षी काही नावांवरून वाद होतो. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. पण नेमबाज श्रेष्ठ की मल्ल, हे कोणते घड्याळ सांगणार? दोन निराळ्या खेळांतील माणसांची तुलना करणे मुळातच अवघड आहे. तेथे माणसांनाच निर्णय घ्यावा लागतो, आणि माणसांच्या नजरेतून काही सुटून जाते. चूक उमगल्यावर नियम बदलण्याची तयारी ठेवणे, हाच त्यावरील उपाय आहे.

मित्रांनो, पुरस्कारांची यादी ही देशाची आठवणवही असते. कोणाला लक्षात ठेवावे, हे आपण तीत लिहून ठेवतो. खाशाबांचे नाव त्या वहीत फार उशिरा लिहिले गेले, पण गोळेश्वरच्या लोकांनी त्यासाठी थांबून राहिले नाही. त्यांनी बैलगाड्या जुंपल्या. तुमच्या गावातही पहाटे एकटीच धावणारी एखादी मुलगी असेल. कुबड्या बाजूला ठेवून विहिरीत पोहणारा एखादा मुलगा असेल. त्यांचे नाव अजून कोणत्याही फलकावर नसेल. त्यांची पाठ थोपटायला दिल्लीच्या पत्राची गरज नाही.

शब्दार्थ व टीपा

मानकरी – मान मिळवणारा. चीज करणे – सार्थक करणे. मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला. जीवनगौरव – आयुष्यभराच्या कार्याबद्दल केलेला सन्मान. जायबंदी – जखमी होऊन निकामी झालेला. निकष – पारख करण्याची कसोटी. वल्हे – नाव चालवण्याचे लाकडी साधन. खिलाडूवृत्ती – जय-पराजय सारख्याच मनाने स्वीकारण्याची वृत्ती.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अर्जुन पुरस्कार कोणत्या साली सुरू झाला?
(आ) पहिला खेलरत्न पुरस्कार कोणाला मिळाला?
(इ) मुरलीकांत पेटकर यांनी सुवर्णपदक कोठे मिळवले?

२. कारणे लिहा.
(अ) खाशाबा जाधव यांना हयातीत अर्जुन पुरस्कार मिळाला नाही.
(आ) निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंची तुलना करणे अवघड असते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जेसी ओवेन्स आणि खाशाबा जाधव यांच्या अनुभवांत कोणते साम्य व कोणता फरक आढळतो?
(आ) 'पुरस्कारांची यादी ही देशाची आठवणवही असते', या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा पेठेतील एखाद्या जुन्या खेळाडूला भेटा. त्यांचा खेळ, सराव आणि आठवणी विचारून वहीत लिहा. ती माहिती वर्गात वाचून दाखवा.